टाक्याला कुलूप

अताया, करकना बेट
३ जून १९७२

आदरणीय वन्सं,

सलाम. तुम्ही पाठवलेली कॉफी पोचली. ह्यांनी पुडा धक्क्यावरच उघडला आणि ‘मोठ्या बहिणीने पाठवलीय, नीट हुंगा’ म्हणत सगळ्या खलाशांच्या नाकाखालून फिरवला. घरी येईपर्यंत निम्मा वास उडाला होता.

निवृत्तीनंतरचा हा आमचा पहिला उन्हाळा. इतकी वर्षं हे सकाळी फेरीबोट घेऊन स्फाक्सला जायचे आणि दिवस मावळल्यावर परतायचे. घराकडे बघायला फुरसत कुणाला होती? आता सगळी कसर भरून काढतो आहोत. गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. उतार पुन्हा घोटून घेतला, म्हणजे शरदातलं पाणी थेंबही न सांडता टाक्यात उतरेल. अंगणात द्राक्षाच्या वेलाला मांडव घातला. ह्यांनी खांब इतके सरळ उभे केले आहेत की शेजारचा हमदा म्हणाला, ‘कप्तान, ही काय डोलकाठी आहे?’

बाकी सगळा आराम. सकाळी कलिंगड जाळीत घालून टाक्यात सोडायचं, दुपारची झोप झाली की वर ओढायचं. उन्हं उतरली की दोन खुर्च्या उचलून समुद्रात. आपलं पाणी कुठवर आत गेलं तरी गुडघाभरच, तुम्हांला ठाऊक आहे. खुर्च्या पाण्यातच मांडतो आणि कलिंगड खातो. बिया समुद्रात थुंकून हे म्हणतात, ‘पुढच्या वर्षी इथे मळा होणार बघ.’

आता दारं रंगवायला घेतली आहेत. न्हाणीघराचं हिरवं झालं, स्वयंपाकघराचं लाल. झोपायच्या खोलीचं पिवळं करायचं आहे, पण बेटावर पिवळा रंग मिळत नाही. दोन डबे पाठवाल का?

ह्यांनी सांगितलंय की इतक्या उन्हाचा प्रवास करू नका. जुलैत नाही आलात तरी चालेल.

तुमची
जलीला

*

स्फाक्स
११ जून

जलीला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझाच चष्मा बदलायला झाला आहे.

हिरवं, लाल, पिवळं? घर आहे की सर्कशीचा तंबू? आपल्याकडे भिंती पांढऱ्या असतात आणि दारं निळी. आजोबांनी निळी ठेवली, बाबांनी निळी ठेवली. लग्न होऊन आलीस तेव्हा तूही निळ्याच दारातून आत आलीस आणि तेव्हा तुझी काही तक्रार नव्हती. सोबत निळ्या रंगाचे तीन डबे पाठवते आहे. हिरव्या आणि लाल दारांवर दोन-दोन हात द्यावे लागतील. तिसराही द्या. खालचा रंग डोकावता कामा नये.

आणि जुलैत येऊ नका म्हणजे काय? मी दर जुलैला येते. ते माझ्याही बापाचं घर आहे. उन्हाची काळजी तिजानीने माझ्यासाठी कधीपासून करायला घेतली? लहानपणी पाढा चुकला की मी त्याला अंगणात उन्हात उभा करायचे. तेव्हापासून त्याला उन्हाची भीती आहे, मला नाही.

गच्ची केलीत ते चांगलं. पहिल्या पावसाला पन्हाळीच्या तोंडात बोळा घालायला विसरू नका. गच्ची धुतलेलं पाणी टाक्यात जायचं नाही. दुसऱ्या पावसाला बोळा काढायचा. हे तुला माहीत आहे, पण ज्या घरात दारं पिवळी होतात तिथे सांगितलेलं बरं.

नझिहा

*

अताया
२० जून

आदरणीय वन्सं,

डबे मिळाले. तो निळा खिडक्यांना दिला. खिडक्या सुरेख झाल्या आहेत.

पिवळा मला शेवटी होड्या बांधणाऱ्यांकडे मिळाला. होडीचा रंग आहे, वास जात नाही, पण झळाळी अशी की गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी दार दिसतं. गल्लीतल्या बायका आमच्या घराला ‘पोपटाचं घर’ म्हणायला लागल्या आहेत. परवा हमदाच्या बायकोने विचारलं, ‘जलीला, अंडी कधी घालणार?’ मी म्हटलं, ‘या वयात पिसं टिकली तरी पुष्कळ!’ सगळ्या हसल्या. हेही हसले.

तुमच्या खोलीचं गिलाव्याचं काम काढलं आहे. जमीन उकरलेली आहे, पलंग अंगणात. म्हणून म्हटलं, या जुलैत नको. रागावू नका.

आणखी एक काम झालं. टाक्याचं लाकडी झाकण कुजलं होतं. लोहाराकडून लोखंडी करून घेतलं, वर कडी आणि कुलूप. मांजरं फार झाली आहेत इथे.

जलीला

*

स्फाक्स
२९ जून

जलीला,

मांजर लोखंडी झाकण उघडत नाही. लाकडीही उघडत नाही. कुलूप मांजरासाठी नसतं, माणसासाठी असतं.

हमदा इथे दाताच्या डॉक्टरकडे आला होता. त्याच्याकडून कळलं की म्हातारी हद्दा घागर घेऊन आली, कुलूप बघून उभी राहिली आणि तशीच गेली. किल्ली म्हणे तुझ्या कमरेला असते. हमदाला ते सांगताना लाज वाटत होती. मला ऐकताना वाटली.

ते टाकं कसं झालं हे तुला सांगितलेलं आहे, पुन्हा सांगते. आई गेली तेव्हा तिजानी रांगत होता. शेवटच्या तापात तिने पाणी मागितलं आणि घरात गोडं पाणी नव्हतं. शेजारून आणेपर्यंत उशीर झाला. त्या वर्षी बाबांनी खडक फोडून टाकं खणलं आणि काठावर बादली ठेवली. आल्यागेल्याने प्यावं आणि तिच्यासाठी दुवा करावी, एवढंच. ती बादली तेव्हापासून तिथे आहे. लढाई झाली, दुष्काळ पडले, टाक्याला कुणी कुलूप घातलं नाही. ते तू घातलंस.

दारांचं मी हसण्यावारी नेलं असतं. पण दारं बदलायची, मला येऊ नको म्हणायचं, पाण्याला कुलूप घालायचं, याचा मी काय अर्थ लावू? माझा भाऊ या सगळ्याला हो म्हणतो, की त्याला विचारतच नाहीस? आणि तो स्वतः का लिहीत नाही? हात मोडला आहे का त्याचा?

त्याच्या हातचं पत्र हवं आहे मला.

नझिहा

*

अताया
६ जुलै

प्रिय नझिहा,

मी मजेत आहे. तब्येत उत्तम. घराचं काम जोरात चालू आहे. दारं माझ्या पसंतीनेच रंगवली आहेत. कुलूपही मीच लावायला सांगितलं. जलीलाला बोल लावू नकोस. ती माझी फार काळजी घेते. काल बारके नव्हे, चांगले मोठे मासे मिळाले. जवाच्या कुसकुसबरोबर खाल्ले.

ऊन फार आहे. इकडे येऊ नकोस. मी हिवाळ्यात तुझ्याकडे येईन.

तुझा भाऊ
तिजानी

*

अताया
१२ जुलै

आदरणीय वन्सं,

हे पत्र मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहिते आहे. ह्यांना दिलेला शब्द मोडून.

तुम्हांला जे पत्र मिळालं ते मी सांगितलं आणि ह्यांनी लिहिलं. एकेक वाक्य. पूर्ण सकाळ गेली. माशांबद्दलचं वाक्य तेवढं त्यांचं स्वतःचं आहे.

तुमचे भाऊ विसरतात. किल्ल्या आणि चष्मा नव्हे, ते मीही विसरते. एप्रिलमध्ये समुद्रातलं मासे धरायचं कुंपण बघायला ओहोटीच्या वेळी चालत गेले आणि परत आले नाहीत. हमदा आणि मी शोधत गेलो तर भरती चढली होती आणि हे पाण्यात कमरेएवढ्यावर उभे. गाव समोर दिसत होतं, मशिदीचा मनोरा दिसत होता. मला म्हणाले, ‘बाई, अतायाला कुठून जायचं?’ ज्या माणसाने धुक्यात, खुणेच्या काठ्या मोजत, उथळ पाण्यातून शेकडो माणसं नेली-आणली, त्याने मला हे विचारलं. हमदाला मी सांगितलं की उन्हाने चक्कर आली. त्याने ते मानलं, किंवा मानल्यासारखं केलं.

मग एक दिवस अंगणात उभे राहून रडत होते. न्हाणीघर सापडत नव्हतं. म्हणाले, ‘अगं, सगळी दारं सारखी कशी केली कुणी?’ वन्सं, चारी दारं निळी होती. मी दुसऱ्या दिवशी हिरवा रंग आणला. आता मी म्हणते, हिरव्यात जा, आणि ते जातात. पिवळं म्हणजे आपला पलंग. एवढं अजून धरून आहेत.

आणि कुलूप. जूनमध्ये एका दुपारी मला जाग आली तर हे टाक्याच्या काठावर पाय आत सोडून बसलेले. म्हणाले, ‘खाली इंजिनात पाणी शिरलंय. उतरून बघतो.’ मी दंड धरून मागे ओढलं. माझ्या अंगात तेवढं बळ होतं, त्या दिवशी होतं. हद्दाला मी रोज स्वतः घागर भरून नेऊन देते. ते हमदाने सांगितलं नसेल.

‘नझिहाला कळवू नकोस,’ हे म्हणाले होते, ‘ती येईल आणि मला पाढे विचारेल.’ हसत म्हणाले. मग हसू गेलं आणि म्हणाले, ‘मला येणार नाहीत गं.’

म्हणून तुम्हांला येऊ नका म्हटलं. तुमची खोली उकरलेली नाही. तिचं दार अजून निळं आहे.

जलीला

*

स्फाक्स
१९ जुलै

जलीला,

तुझं पत्र आणि तिजानीचं पत्र शेजारी शेजारी ठेवून बघितली. डगमगलेलं अक्षर तुझं आहे. त्याचं ओळीत आहे, ठाम आहे, सहीची शेपटी नेहमीसारखी वर गेलेली आहे. मी उभं आयुष्य वह्या तपासण्यात घालवलं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याचं अक्षर असं नसतं.

तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. घाबरली आहेस. माणूस जन्मभर बोटीवर उभा राहतो आणि एके दिवशी त्याला घरी बसवतात, खुर्ची समुद्रात मांडून हातात कलिंगड देतात. तो गोंधळणारच. बाबाही शेवटच्या उन्हाळ्यात मला आईच्या नावाने हाक मारायचे. आम्ही काय दारं रंगवली? ओ दिली आणि भाकरी वाढली. तू त्याला लहान मूल करून ठेवलंस तर तो होईल लहान मूल.

बायको घरात कशासाठी असते? लक्ष ठेव. डोळे आहेत तुला. लोखंडाची गरज डोळे नसलेल्याला.

२८ तारखेला आईच्या आठवणीचा शुक्रवार आहे. त्या दिवशी गल्लीला पाणी पाजायचं असतं. त्याआधी कुलूप निघालं पाहिजे. निघालं नाही तर मी हमदाला लिहून तोडवीन, आणि मग जे बोलायचं ते लोक बोलतील. ऑगस्टच्या शेवटी मी येते आहे. पाढे विचारणार नाही, हे त्याला सांग.

नझिहा

*

अताया
२ ऑगस्ट

आदरणीय वन्सं,

कुलूप काढलं. केवळ तुमच्या सांगण्यावरून काढलं असं नाही. हे रोज झाकण वाजवायचे. ‘कलिंगड खाली आहे, मला देत नाहीत,’ म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याकडे तक्रार करायचे. मलाच ते बघवेना.

शुक्रवार असा झाला की तुम्ही असायला हवं होतं. सकाळपासून ह्यांनी काठावर ठाण मांडलं. येईल त्याला स्वतः बादली ओढून पाणी दिलं. हमदाला म्हणाले, ‘तू पैसे दे, तू दात दाखवायला स्फाक्सला जातोस.’ हद्दाची घागर भरून तिच्या दारापर्यंत पोचवली आणि एकटे परत आले, वन्सं. एकटे. पिवळ्या दारावर थाप मारून ओरडले, ‘कप्तान हजर!’ मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि पोटभर रडले. सुखाने.

तुमचं खरं असेल. मीच त्यांना बांधून घातलं असेन. त्यांना काम हवं होतं.

लक्ष ठेवते. दुपारी डोळा लागायची मला भीती वाटते, म्हणून माझा विणलेला कमरपट्टा घेते, एक टोक माझ्या मनगटाला, एक त्यांच्या. गाठ तेच मारतात, बोटीवरची. म्हणतात, ‘ही ओढून सुटत नाही. वादळात तपासलीय.’ ते हलले की मला कळतं.

कलिंगड पुन्हा टाक्यात सोडायला लागले आहे. किती थंड होतं ते मी विसरूनच गेले होते.

तुमची वाट बघतो. तुमच्या खोलीत चादर घातली आहे.

जलीला

*

स्फाक्स
२० सप्टेंबर

जलीला,

तिजानीच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि मी त्याच संध्याकाळच्या बोटीने निघाले. तुझ्याशी बोलले नाही. तूही बोलली नाहीस. घरात बायका होत्या, हे काही कारण नव्हे.

जेवणाच्या वेळी मी सगळ्यांसमोर काय म्हणाले ते तू ऐकलंस. कुलूप माझ्या हुकमाने निघालं. हमदाची बायको सरपणाच्या कोपऱ्यात कुजबुजत होती की जलीलाचं लक्ष नव्हतं. म्हणून मी ते मोठ्याने सांगितलं. मी तुझ्यावर उपकार केलेले नाहीत. जे आहे ते सांगितलं.

आता कामाचं. टाकं उपसून झालं असेल. आतून चुना लावून घे. झाकणाला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव. लोक काय म्हणतील त्याचं उत्तर मी देईन. निळ्या रंगाचे चार डबे पाठवते आहे. दारं पुन्हा निळी कर. ती खूण आता कुणाला लागणार आहे?

आणि एक विचारायचं आहे. त्याला टाक्यातून काढलं तेव्हा मी तिथे नव्हते. मला फक्त तार मिळाली. त्या दुपारी काय झालं ते मला लिही. तुझ्या मनगटाला गाठ होती ना? मग? मला सांभाळून घेऊ नकोस. मी सांभाळून घेण्यासारखी बाई नाही.

नझिहा

*

अताया
४ ऑक्टोबर

वन्सं,

विचारलंत म्हणून लिहिते.

जेवण झालं. गाठ मारली. ह्यांनीच. मला झोप लागली, आदल्या रात्री त्यांना खोकला होता म्हणून मी जागी होते. जाग आली तेव्हा माझ्या मनगटाला पट्टा तसाच होता. दुसरं टोक उशीवर होतं, नीट गुंडाळी करून, दोरखंडाची करतात तशी. ओढून सुटणारी गाठ नव्हतीच ती. पण जो मारतो त्याला सोडता येते. एवढं मला सुचायला हवं होतं. दारं विसरले, माझं नाव कधी कधी विसरले, हात मात्र काही विसरले नव्हते.

मांडवाखाली मेजावर कलिंगड होतं. वर ओढलेलं, ओलं. बाजूला दोन ताटल्या आणि सुरी. म्हणजे ते काम त्यांनी व्यवस्थित पार पाडलं होतं. बादली मात्र काठावर नव्हती. दोर आत गेलेला होता. कुणी पाणी मागायला आलं होतं की त्यांना तसं वाटलं, हे मला माहीत नाही. गल्लीतलं कुणी आलो होतो म्हणत नाही.

हाक मारली असेल तर मी ऐकली नाही. हेच तुम्हांला विचारायचं होतं, हो ना?

हमदा आणि दोन खलाशांनी वर काढलं. त्यांच्या फेरीबोटीवरचेच. त्यांनी कप्तानाला सलाम केला, मग रडले.

टाकं उपसलं. तळ कोरडा केला. आतून चुना लावला, मी स्वतः उतरून. खाली उभं राहिलं की आकाश ताटलीएवढं दिसतं. घरात पाणी नव्हतं तेवढे दिवस हद्दा तिची घागर शेजारपाजारी भरून माझ्या दारात आणून ठेवत होती. तिला चालवत नाही, तरी.

पहिला पाऊस मागच्या आठवड्यात झाला. पन्हाळीत बोळा होता, पाणी गल्लीत सोडून दिलं. दुसरा काल आला. मी गच्चीवर बोळ्यावर हात ठेवून बसले. भिजले. वाटलं, नको, हे टाकं आता कोरडंच राहू दे. खाली हद्दा येऊन थांबली होती, घागर घेऊन. मग ओरडली, ‘अगं जलीला, वर काय समुद्र राखतेस? सोड की पाणी!’

मी बोळा काढला. पाणी आत पडल्याचा आवाज मला पूर्ण ऐकवला नाही, पण काढला.

झाकणाला मी कुलूप घालणार नाही, वन्सं. आता घालून कुणाला अडवायचं आहे? पाणी तुमच्या आईच्या नावाचं आहे. ह्यापुढे तिच्या लेकाच्याही नावाचं. बादली नवी आणली, काठावर ठेवली आहे.

डबे मिळाले. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर निळं केलं, तुम्ही म्हणता तसं, तीन हात देऊन. खालचा रंग दिसत नाही. एका दाराला ब्रश लावला नाही.

कुलूप आहे घरात. ते मी त्या पिवळ्या दाराला लावलं आहे.

तुमची
जलीला